ॲब्लेशननंतर पुन्हा धडधड सुरू झाली, तर काय करावे

धडधड थांबवण्यासाठी माझ्या हृदयाचे पहिले ॲब्लेशन झाले त्यानंतर नवव्या दिवशी मी साताऱ्याच्या घरी जिना चढून वर आले, कॉटवर बसले आणि मनगटावर बोटे ठेवली, तर नाडी मिनिटाला १२८ लागत होती. ज्या धडधडीने बारा वर्षे मला भरल्या वर्गात फळ्यासमोर खाली बसायला लावले होते तीच परत आली, खर्चही वाया गेला आणि सोसलेलेही वाया गेले, असे मनाशी पक्के धरून मी रडत बसले. त्या रात्री काढलेल्या कार्डिओग्रामने दाखवले की ठोके जलद असले तरी हृदयाचा ताल अगदी बरोबर होता. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ निघाले. पाचव्या महिन्यात जी धडधड झाली ती मात्र खरोखरच जुनी होती, आणि ती कागदावर सापडली म्हणूनच पुढचा निर्णय तासाभरात झाला.

या दोन प्रसंगांतला फरक मला आधी कोणी समजावून सांगितला असता, तर मधले चार महिने मी इतक्या भीतीत काढले नसते. ॲब्लेशन करून नुकतेच घरी परतलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख लिहीत आहे. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे गोळ्यांचे प्रमाण किंवा उपचाराचा निर्णय यांबाबत शेवटचा शब्द आपल्या डॉक्टरांचाच राहील.

१. आपले ॲब्लेशन नेमके कशासाठी झाले, हे आधी लिहून घ्या

जांघेतील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन, तालात बिघाड करणारी जागा उष्णतेने किंवा अतिथंड करून निकामी करणे, याला आपण सरसकट ‘ॲब्लेशन’ म्हणतो. पण या एका शब्दाखाली वेगवेगळ्या आजारांचे उपचार येतात, आणि घरी आल्यावर काय होऊ शकते हे मूळ आजारावर अवलंबून असते.

माझा आजार ए-व्ही नोड, म्हणजे हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली विजेची मुख्य जोडणी, तिच्याजवळच्या जादा वाटेचा होता; त्याला डॉक्टर ‘एव्हीएनआरटी’ म्हणतात. यात ॲब्लेशनला शंभरातील पंचाण्णवाहून अधिक रुग्णांत यश येते आणि आजार उलटण्याचे प्रमाण शंभरात मोजकेच असते. जन्मतः जादा तार असलेल्यांचा प्रकार वेगळा. १९३० साली तीन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘डब्ल्यूपीडब्ल्यू’ म्हणतात. ‘फ्लटर’मध्ये वरच्या कप्प्यात प्रवाह गोल फिरत राहतो. ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणजे ‘एएफ’मध्ये वरचा कप्पा नुसता थरथरतो. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी या बिघाडाची ठिणगी पडते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिले, आणि आजही एएफचे ॲब्लेशन मुख्यतः त्याच जागी करतात. एएफ उलटण्याचे प्रमाण माझ्या आजारापेक्षा बरेच अधिक असते आणि काहींना दुसरे ॲब्लेशन करावे लागते. माझ्या थोरल्या दिरांना एएफ आहे. त्यांचे आणि माझे ॲब्लेशन एकाच वर्षी झाले, आणि घरातले सगळे आमची सतत तुलना करत. ती तुलनाच मुळात चुकीची होती.

हृदयाच्या खालच्या कप्प्यातून येणाऱ्या धडधडीसाठी, म्हणजे ‘व्हीटी’साठी, ज्यांचे ॲब्लेशन झाले आहे त्यांनी हा लेख स्वतःला लागू करू नये. त्यांची धडधड परतली, तर घरी वाट पाहत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

येथे एक खाचखळगा आहे. माझ्या डिस्चार्ज कार्डावर ‘एसव्हीटी, आरएफए केले’ एवढी एकच ओळ होती. एसव्हीटी हे हृदयाच्या वरच्या भागातून सुरू होणाऱ्या धडधडींच्या कुळाचे नाव झाले, आजाराचे नव्हे; आरएफए म्हणजे उष्णतेने केलेले ॲब्लेशन. त्यामुळे डिस्चार्ज कार्डाखेरीज प्रोसिजरचा पूर्ण अहवाल मागून घ्या. धडधड कोणत्या प्रकारची होती, ती तपासणीत मुद्दाम सुरू करता आली का, कोणत्या जागी ऊर्जा दिली आणि शेवटी पुन्हा सुरू करून पाहिल्यावर ती सुरू झाली की नाही, हे त्यात लिहिलेले असते. मला तो अहवाल मिळवण्यासाठी दोनदा लेखी अर्ज द्यावा लागला, पण पुढे तोच कामी आला.

२. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय होते ते समजून घ्या

ॲब्लेशन केलेली जागा ही हृदयाच्या आतली ताजी जखम असते. तिला सूज येते, मग हळूहळू त्या जागी व्रण धरतो, आणि तो पक्का होईपर्यंत आजूबाजूचे स्नायू चिडलेले राहतात. एएफच्या ॲब्लेशननंतरच्या या काळात धडधड झाली तरी डॉक्टर तिला लगेच अपयश म्हणत नाहीत. पूर्वी हा थांबण्याचा काळ तीन महिन्यांचा धरत. २०२४ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तो आठ आठवड्यांवर आणला आहे. या काळात एएफ पुन्हा दिसलेल्या अनेकांचा ताल पुढे स्थिर राहतो. मात्र वारंवार आणि उशिरापर्यंत झटके येत राहिले, तर पुढेही त्रास होण्याची शक्यता वाढते. म्हणून झटका आला की त्याची नोंद करून डॉक्टरांना कळवावे; ‘चालायचेच’ म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. हृदयाचा वेग आवरून धरणाऱ्या बारीक नसांची जाळी ॲब्लेशनच्या जागेजवळच असते, आणि तिला धग लागली तर स्वस्थ बसल्यावरचे ठोकेही आधीपेक्षा वाढतात. एएफच्या ॲब्लेशननंतर ही वाढ बहुधा मिनिटाला १० ते १५ ठोक्यांची असते. माझ्यासारख्या आजारातही ती काहींना जाणवते. पूर्वी माझी सकाळची नाडी ७० असे, ती ८८ झाली आणि पुढच्या काही महिन्यांत हळूहळू ७६ वर आली. नैसर्गिक तालातच ठोके वाढण्याला ‘सायनस टॅकिकार्डिया’ म्हणतात. त्रासदायक असला तरी हा आजार उलटणे नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे सुटे जादा ठोके. छातीत एकदम काहीतरी उसळते, क्षणभर सगळे थांबल्यासारखे वाटते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. पूर्वी अशा ठोक्यानेच माझी धडधड पेट घ्यायची. आता ठोका पडतो, पण पुढची वाट बंद झाल्यामुळे धडधड सुरू होत नाही. शरीर मात्र जुन्या सवयीने घाबरते.

३. या खुणा दिसल्या, तर हा लेख बाजूला ठेवून निघा

शुद्ध हरपणे किंवा हरपेल असे वाटणे, छातीत दाब येणे, बसल्या जागी धाप लागणे, थंड घाम सुटणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मोफत मिळते. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

जांघेतून रक्त येऊ लागले, तर आडवे होऊन त्या जागी तळहाताने घट्ट दाब द्या, सलग दहा मिनिटे, मध्ये हात उचलून न पाहता. रक्त थांबले नाही, गाठ वाढू लागली किंवा पाय गार पडला, तर लगेच रुग्णालयात जा.

एएफचे ॲब्लेशन झालेल्यांच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. ती क्वचित दिसते, पण जिवावर बेतणारी असते. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या पाठीशीच अन्ननलिका असते, आणि उष्णतेने तिला इजा झाली तर काही दिवसांपासून साधारण दोन महिन्यांपर्यंत केव्हाही ताप येणे, गिळताना दुखणे, छातीत दुखणे, रक्ताची उलटी किंवा पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात. आपल्याकडे पावसाळ्यात असा ताप व्हायरल किंवा डेंग्यू समजून गल्लीतल्या दवाखान्यात अंगावर काढला जातो. तेव्हा या काळात ताप आला, तर ज्यांनी ॲब्लेशन केले त्यांनाच फोन करा. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले, तर ‘अमुक तारखेला एएफचे ॲब्लेशन झाले आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. अशी शंका असताना आधी छातीचा सीटी स्कॅन करतात. घशातून दुर्बीण घालून तपासणी केल्यास धोका वाढतो. हे घरच्यांनाही माहीत असू द्या, कारण अशा वेळी रुग्णाला स्वतःला बोलता येईलच असे नाही.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू झालेला खोकला, वाढत जाणारा दम किंवा थुंकीतून रक्त, हे फुप्फुसाच्या शिरेचे तोंड आकसल्याचे लक्षण असू शकते. त्यालाही नुसता खोकला समजू नका.

४. नाडी स्वतः मोजायला शिका

अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट ठेवा. मोजायला अंगठा वापरू नका, कारण त्याची स्वतःची नाडी बोटाला लागते. सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर धरा, ३० सेकंद मोजा आणि आकडा दुप्पट करा. ताल वेडावाकडा असेल तर पूर्ण मिनिट मोजा.

वेगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की ठोके समान अंतराने पडतात की नाही. मी मुलीला शिकवताना टेबलावर बोटाने ठेका धरून दाखवला : शिलाई मशीनसारखा एकसारखा ठेका आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा कसाही पडणारा ठेका. पहिला माझ्या आजाराचा, दुसरा तिच्या काकांच्या एएफचा. ती तेव्हा सातवीत होती आणि एका संध्याकाळी शिकली.

यंत्रांवर डोळे झाकून विसंबू नका. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर किंवा मनगटी घड्याळ त्वचेखालच्या रक्ताच्या हालचालीवरून ठोके ओळखते. हात हलला, बोट गार असले किंवा वेग फार वाढला की ते चुकते. ताल अनियमित असेल तर रक्तदाबाचे घरगुती यंत्रही चुकू शकते, म्हणून दोन-तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

५. झटका कागदावर पकडा

या लेखातले एकच काम करायचे असेल, तर हे करा. धडधड थांबल्यानंतर काढलेला कार्डिओग्राम बहुधा स्वच्छ निघतो आणि रुग्णाच्या हाती ‘टेन्शन घेऊ नका’ एवढेच पडते. माझ्या आजाराच्या पहिल्या काही वर्षांत एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत मला आधी ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले, मग नाव-पत्ता लिहून घेतला, आणि कार्डिओग्रामची पाळी येईपर्यंत धडधड थांबली होती. त्या एका अर्ध्या तासाने माझे निदान तीन वर्षे लांबले. म्हणून कॅज्युअल्टीच्या दारातच सांगायचे वाक्य पाठ करून ठेवा : ‘माझे हृदयाचे ॲब्लेशन झाले आहे, आत्ता धडधड चालू आहे, आधी बारा लीडचा कार्डिओग्राम काढा.’ बारा लीडचा म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी पाहणारा, पूर्ण कार्डिओग्राम.

धडधड थांबवण्यासाठी ॲडेनोसिनचे इंजेक्शन देण्याची वेळ आली, तर ते देताना कार्डिओग्रामची पट्टी चालू ठेवायला विनंती करा. धडधड कशी तुटली, त्या काही सेकंदांत पट्टीवर काय उमटले, यावरून तज्ज्ञांना आजाराचा प्रकार ओळखायला मोठी मदत होते. इंजेक्शनच्या वेळी छाती आवळते आणि काही सेकंद आता सगळे संपले असे वाटते; ते क्षणात ओसरते. डब्ल्यूपीडब्ल्यू असलेल्यांनी मात्र तो आजार इंजेक्शनच्या आधी आवर्जून सांगावा, कारण त्यांना एएफ सुरू झाले असेल तर ॲडेनोसिन, व्हेरापामिल यांसारखी औषधे घातक ठरू शकतात.

कार्डिओग्रामचा कागद उष्णतेवर छापला जातो आणि काही महिन्यांत फिका पडतो. पाचव्या महिन्यातला कागद जपून राहावा म्हणून मी तो झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करायला दिला, आणि यंत्रातून बाहेर आला तेव्हा सबंध काळा झाला होता. मुलीने कॅज्युअल्टीतच मोबाइलवर फोटो काढला होता, त्या फोटोवर माझे काम निभावले. म्हणून कागद हातात पडताच तो सपाट ठेवून, सावली न पाडता फोटो काढा, त्यावर तारीख, वेळ आणि तेव्हाची लक्षणे पेनाने लिहा आणि साधी झेरॉक्स काढून घ्या.

झटका रुग्णालयात पोहोचण्याआधीच थांबत असेल, तर पर्याय आहेत. रोज किंवा दिवसाआड झटका येत असेल तर २४ ते ४८ तासांचे होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत कार्डिओग्राम नोंदवणारे यंत्र, पुरते. आठवड्यातून एखादा येत असेल तर छातीला चिकटवायची दोन आठवड्यांपर्यंतची पट्टी बरी. महिन्यातून एकदाच येणाऱ्यासाठी होल्टरवर पैसे घालवणे व्यर्थ आहे. त्यापेक्षा दोन्ही हातांची बोटे ठेवून ३० सेकंदांचा आलेख घेणारे छोटे यंत्र किंवा तशी सोय असलेले घड्याळ जवळ असावे. त्याचा आलेख एकाच लीडचा असतो आणि यंत्राने छापलेले निदान चुकू शकते. पण तज्ज्ञाने तो पाहिला की सायनस टॅकिकार्डिया, एएफ आणि एसव्हीटी यांतला फरक पुष्कळदा कळतो.

कागद हाती येण्याआधीही काही अंदाज बांधता येतो. सायनस टॅकिकार्डिया एसटी घाट चढते तशी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. एसव्हीटी दिव्याचे बटण दाबावे तशी एका ठोक्यात सुरू होते आणि एका ठोक्यात थांबते. माझे ठोके तेव्हा १८० ते १९० असत, गळ्यात शिरा उडत, आणि थांबल्यावर भरपूर लघवी होई. फ्लटरमध्ये नाडी पुष्कळदा १५० च्या आसपास अडकून बसते, उठा-बसा काही करा, हलत नाही. हा अंदाज वहीत लिहा, पण त्यावरून गोळी घेऊ नका.

६. झटका सुरू झाल्यावर घरी काय करावे

आधी बसा किंवा आडवे व्हा. बाथरूमची किंवा खोलीची कडी आतून लावू नका. वेळ पाहा, नाडी मोजा, आलेख घ्या, घोटभर पाणी प्या. मधुमेह असेल तर साखर तपासा, कारण साखर उतरल्यावरही अशीच धडधड होते. आणि ठोके आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर साखर उतरूनही धडधड न जाणवता नुसता घाम सुटू शकतो.

एसव्हीटीचे निदान झालेल्यांना डॉक्टर जोर करून श्वास कोंडण्याची युक्ती शिकवतात. तिची सुधारलेली पद्धत इंग्लंडमधील एका चाचणीत तपासली गेली आणि २०१५ साली प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीने शंभरातील १७ जणांची धडधड थांबली, तर या पद्धतीने ४३ जणांची. ती अशी : टेकून अर्धवट बसावे, १० मिलीच्या सुई नसलेल्या कोऱ्या सिरिंजच्या तोंडातून दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकावे, लगेच सपाट आडवे व्हावे आणि दुसऱ्या कोणीतरी दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून १५ सेकंद धरावेत. खरे काम पाय उचलण्याने होते, म्हणून घरच्यांनी आधी एकदा सराव करावा. आमच्याकडे सासूबाईंपासून सगळ्यांना हे येते. जांघेची जखम ताजी असताना, हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल तेव्हा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा आजार वा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. एएफ या युक्तीने थांबत नाही. गळ्याची शीर दाबण्याचा प्रयोग घरी कोणीही करू नये, विशेषतः वयस्कर माणसांवर.

मला डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा अशी होती : स्वस्थ बसूनही ठोके १५० च्या वर आणि २० मिनिटांत थांबले नाहीत, तर रुग्णालय, तिसऱ्या मुद्द्यातले एकही लक्षण सोबत असेल, तर एक मिनिटही थांबायचे नाही. आपली मर्यादा आपल्या डॉक्टरांकडून आकड्यांत मागून घ्या आणि फ्रिजच्या दारावर लावा. ‘जास्त वाटले तर या’ या उत्तरावर समाधान मानू नका, कारण रात्री दोन वाजता ‘जास्त’ म्हणजे किती हे कोणालाच ठरवता येत नाही.

७. गोळ्यांच्या बाबतीत होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे बरे वाटते म्हणून बीटा ब्लॉकर एकदम बंद करणे. मेटोप्रोलॉलसारखी गोळी अचानक सोडली, तर दबलेले ठोके उसळी मारतात आणि आजार उलटला असे वाटते. ती डॉक्टरांच्या सांगण्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. एएफच्या ॲब्लेशननंतर रक्त पातळ करणारी गोळी किमान दोन ते तीन महिने घ्यावीच लागते, ताल कितीही छान असला तरी. त्यापुढे ती चालू ठेवायची की नाही हे ॲब्लेशन यशस्वी झाले का यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात अशा गोष्टींवरून पक्षाघाताचा धोका किती आहे, यावर ते ठरते. माझ्या दिरांनी धडधड थांबली म्हणून दुसऱ्याच महिन्यात गोळी स्वतःच्या मनाने सोडली होती. सुदैवाने तपासणीच्या भेटीत ते उघड झाले. ॲसेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे दाखवणारा तपासणीतला आकडा, बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात, आणि मेथी, पालक बंद करायची गरज नसते. त्यांचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे ठेवावे. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अमिओडारोन ही ताल आवरणारी गोळी चालू असेल तर थायरॉइड आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी. या गोळीत आयोडीन असते, तिने थायरॉइड बिघडू शकते, आणि बिघडलेला थायरॉइड स्वतःच ठोके वाढवतो.

८. ठोके वाढवणाऱ्या रोजच्या गोष्टी शोधा

माझ्या नवव्या दिवसाच्या धडधडीचे कारण रक्तात होते, हृदयात नव्हते. आपल्याकडे बायकांचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे कमी असते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. म्हणून नैसर्गिक तालातच ठोके वाढलेले आढळले, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम आणि साखर या तपासण्यांविषयी विचारा.

पाणी कमी पडणे हे दुसरे मोठे कारण. निर्जळी उपास, मे महिन्यातल्या लग्नाची वरात, जुलाब, यानंतर शरीरातले पाणी उतरते आणि ठोके वाढतात. पहिले तीन महिने मी एकादशी सोडली नाही, पण ताक, शहाळे आणि राजगिऱ्याची पेज घेऊन केली. हृदय अशक्त असल्यामुळे ज्यांना पाणी आणि मीठ मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी आपले प्रमाण विचारूनच ठरवावे.

सर्दीच्या गोळ्यांकडे कोणी लक्ष देत नाही. नाक मोकळे करणाऱ्या अनेक गोळ्यांत फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिनसारखी, ठोके आणि रक्तदाब वाढवू शकणारी द्रव्ये असतात. दम्याच्या साल्ब्युटामॉल पंपानेही ठोके वाढतात. पण तो स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. तंबाखू आणि मिश्री सोडाव्यात, दारू टाळावी. चहाबद्दल मात्र मला कडक नियम पटत नाही. दोन कप चहाने बहुतेकांना काही होत नाही, आणि होत असेल तर ते वहीत दिसतेच.

एएफ असलेल्यांसाठी वजन आणि घोरणे या दोन गोष्टी गोळीइतक्याच मोलाच्या आहेत. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील २०१५ च्या अभ्यासात ज्या स्थूल रुग्णांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवून टिकवले, त्यांना एएफपासून कितीतरी अधिक सुटका मिळाली. झोपेत श्वास अडकत असेल तर त्याची तपासणी करून उपचार घ्यावा. तो न घेतल्यास एएफ परतण्याची शक्यता वाढते.

९. वही आणि फाईल तयार ठेवा

वहीत प्रत्येक झटक्याला एकच ओळ पुरे : तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती मिनिटे, किती ठोके, एकसारखे की वेडेवाकडे, एकदम सुरू झाले की हळूहळू, आधी काय करत होतो, कशाने थांबले. त्याहून जास्त लिहायला गेले की माणूस दिवसभर नाडीच धरून बसतो. माझे तसे झाले होते. दिवसाला तीस-चाळीस वेळा बोटे मनगटावर जात. शेवटी डॉक्टरांनी सकाळी एकदा, रात्री एकदा आणि त्रास झाला तर, एवढीच परवानगी दिली, आणि त्याने मला झोप लागू लागली.

फाईलमध्ये हे असावे :

- डिस्चार्ज कार्ड आणि प्रोसिजरचा पूर्ण अहवाल
- ॲब्लेशनपूर्वीचा, त्यानंतर लगेचचा आणि धडधड चालू असतानाचा कार्डिओग्राम, प्रत्येकाची झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो
- इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवाल, होल्टर केले असेल तर त्याचा अहवाल
- अलीकडच्या रक्ततपासण्या
- चालू गोळ्यांची नावे, प्रमाण आणि वेळा, मोठ्या अक्षरांत. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे तेही
- आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचे किंवा सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड

शेवटच्या कागदांना गौण समजू नका. दुसऱ्या प्रोसिजरची वेळ आली, तर विमा कंपनी किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा कक्ष पूर्वमंजुरीसाठी आधीचे कागद मागू शकतो. आपली प्रोसिजर आणि ते रुग्णालय योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसांकडून, विचारून घ्यावे.

१०. पुन्हा ॲब्लेशन सुचवले तर

पाचव्या महिन्यातल्या कागदावर १८४ ठोके आणि जुनाच ताल होता. आजार उलटला होता. तरीही मला आधीसारखे हताश वाटले नाही, कारण या वेळी समोर नेमकी गोष्ट होती. डॉक्टरांनी तीन पर्याय ठेवले : झटके विरळ असतील तर युक्ती आणि लागेल तेव्हा गोळी, रोजची गोळी, किंवा दुसरे ॲब्लेशन. मी चार प्रश्न विचारले. पहिल्या वेळी शेवटी धडधड सुरू होत नव्हती का? आता कागदावर दिसते ती तीच आहे की नवी? तुम्ही अशा किती प्रोसिजर करता? आणि माझ्या बाबतीत पेसमेकर लागण्याचा धोका किती आहे? एव्हीएनआरटीची जादा वाट हृदयाच्या मुख्य जोडणीच्या अगदी शेजारी असते, तिला इजा झाली तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. तो धोका साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो. उत्तरे मी वहीत लिहून घेतली, दोन दिवस घरी विचार केला आणि होकार कळवला.

दुसऱ्या ॲब्लेशनला आता दोन वर्षे होत आली. जादा ठोके अजूनही पडतात, बहुधा जागरण झाले की. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत एक ठोका जोरात बसला. मी खुर्चीवर टेकले, दोन बोटे मनगटावर ठेवली, ३० सेकंद मोजले, ४१ भरले, ताल एकसारखा होता. वहीत एक ओळ लिहिली आणि मुलांना पुढचे गाणे घ्यायला सांगितले.